भाटकरकाकांची पुतळी

नाशिकहून सकाळच्या एसटीनं निघाले, तेव्हा पर्समध्ये भिंग, छोटा तराजू आणि मऊ कापडात गुंडाळलेली रिकामी डबी होती. जुनी सोन्याची नाणी जमवण्याचा माझा छंद घरच्यांना कधी पटला नाही. या वेळी मात्र मी कुणाचं ऐकून घेणार नव्हते. मीरा रोडचे, फक्त फोनवरून ओळख झालेले भाटकरकाका त्यांची पुतळी मला द्यायला तयार झाले होते.

पुतळी (व्हेनिसच्या व्यापाऱ्यांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आलेलं पातळ सोन्याचं नाणं) आपल्याकडे माळेत ओवतात. त्यासाठी वर कडी जोडतात आणि तिथं नाणं कायमचं बिघडतं. काकांच्या रत्नागिरीच्या घरात एक पुतळी कशी कोण जाणे, बिनकडीची राहिली होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. "माझ्यामागे ही सोनाराकडे जाईल," ते फोनवर म्हणाले होते. "त्यापेक्षा तुम्ही या. आधी नीट बघा, मग बोला."

घोडबंदरच्या रस्त्यावर उजवीकडे खाडी दिसू लागली. भरती ओसरलेली, नुसता काळा चिखल. काशीमिऱ्याला उतरून रिक्षा केली. जिकडे तिकडे अर्धवट इमारती आणि त्यांना बांधलेले बांबू. "इधर पहले सब मिठागर था," रिक्षावाला म्हणाला. पूनम सागर वसाहतीत दोनदा चुकीच्या गल्लीत शिरून शेवटी इमारत सापडली.

वॉचमननं माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. "भाटकर अंकल? आप रिश्तेदार हो?"

"नाही. काम होतं."

"मॅडम, वो तो आज सुबह गुजर गये."

तसंच मागे फिरावं असं वाटलं. पण इतक्या लांब येऊन खालूनच परत जाणंही बरं दिसेना. जिना चढले. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आतून उदबत्तीचा वास येत होता. काकांना हॉलमध्ये जमिनीवर निजवलं होतं. त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांच्या पुतण्याला हळूच माझं नाव सांगितलं, नमस्कार केला आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

तयारी होत आली, तसे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "तोंडात घालायला सोनं आणा. एखादा मणी चालेल."

काकू आत गेल्या. जरा वेळानं पुतण्या माझ्याजवळ आला. "काकू तुम्हाला बोलावतायत."

स्वयंपाकघराच्या खिडकीशी काकू उभ्या होत्या. तळहातावर दोन पुतळ्या. "एक माझ्या लग्नातल्या माळेची. सोन्याची कडी तुटली, म्हणून ठेवून दिलेली. एक त्यांची. मला फरक कळत नाही, डोळ्यांना दिसत नाही. तुम्ही सांगा, त्यांची कुठली?"

मी भिंग काढलं. एका पुतळीवर कडीचा ओरखडा होता आणि अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या. दुसरी उजेडात धरली. गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, त्याच्या हातातला झेंडा, कडेची अक्षरं, सगळं जसंच्या तसं. उलट्या बाजूला ताऱ्यांच्या वलयात येशू. झीज होती ती फक्त त्या प्रमुखाच्या गुडघ्यावर. इतकी चांगली पुतळी मी तोवर हातात घेतली नव्हती.

"ही," मी म्हणाले. मग राहवलं नाही. "काकू, ही फार दुर्मीळ आहे हो. काका हिला वितळू द्यायला तयार नव्हते. तोंडात मणी घातला तरी…"

"त्यांना ती कुणालाच द्यायची नव्हती," काकू शांतपणे म्हणाल्या. "तुम्हाला या म्हणाले खरे. पण काल रात्रभर झोपले नाहीत. सारखे उठायचे, डबी उघडायचे, परत झोपायचे. पहाटे छातीत कळ आली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. मी पुतळी त्यांच्या हातावर ठेवली.

काकूंनीच ती काकांच्या ओठांत सरकवली. वर तुळशीचं पान, गंगाजळाचे थेंब. पुरुष त्यांना घेऊन खाली गेले आणि घर एकदम रिकामं झालं.

शेजारच्या गुजराती बाईंनी खिचडी आणून ठेवली, मलाही वाढली. दोन घास कसेबसे गिळले. काकू हातातली उरलेली पुतळी चाचपत बसल्या होत्या.

"आणि ही? ही पण तसलीच ना?"

खोटं बोलावंसं वाटलं, जमलं नाही. "सोनं खरं आहे, काकू. पण ही इथल्याच सोनारानं बघून केलेली आहे. यावरची अक्षरं म्हणजे नुसती नक्षी."

त्यांनी पुतळी उलटी करून पुन्हा चाचपली. "त्यांना माहीत असेल?"

"पाहताक्षणी कळलं असेल."

"लग्न झाल्यापासून मी म्हणायची, माझी पुतळी तुमच्या पुतळीपेक्षा चांगली. हो म्हणायचे." आणि सकाळपासून कोरड्या राहिलेल्या त्या बाई तेव्हा पहिल्यांदा रडल्या. शेजारणीनं त्यांना जवळ घेतलं. मी पर्स उचलली आणि निघाले.

नाशिकला पोचल्यावर नाणी जमवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. "मिळाली का?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, सोनं कुठं जातंय? राख सावडताना बघायला सांगा पुतण्याला. निदान गोळा तरी मिळेल."

मी फोन ठेवला. परतीच्या बसमध्ये तोच विचार माझ्याही मनात येऊन गेला होता.