दिवा बंद होता

माझे मामा चेहऱ्याने कुणाला माहीत नाहीत. किडकिडीत अंग, नाकावरून घसरणारा चष्मा आणि भाजीवाल्याशी घासाघीस करायलाही लाजणारा स्वभाव. पण तोंड उघडलं की भाजीवाला तराजू तसाच हातात धरून वर बघतो आणि विचारतो, मास्तर का हो तुम्ही? मामा मान खाली घालून हो म्हणतात आणि आतून असे काही फुलतात, की अर्धी भाजी तिथेच विसरून घरी येतात.

मामा डबिंग करतात. पडद्यावर ओठ दुसऱ्याचे हलतात, आवाज मामांचा. तरुणपणी त्यांच्या वाट्याला सगळे गुंड आणि खुनी आले. मग आली ती मढ्यांची मालिका. मेलेली माणसं उठून चालायला लागली आहेत आणि वाचलेली मूठभर माणसं एका बंद कारखान्यात लपली आहेत. त्यांच्यात एक कप्तान, फाटकाशी अनोळखी माणूस दिसला की गोळी घालणारा. आणि एक मास्तर, त्यांना आवाज मामांचा. मास्तरांचं म्हणणं असं, की मढ्याला खुशाल आडवं करा, त्याला आता काही दुखत नाही. जिवंत माणसावर मात्र हात उचलायचा नाही, मग तो चोर का असेना. दर भागात दोघांची जुंपायची. मी पहिल्यापासून कप्तानाच्या बाजूची. मास्तर फाटक उघडून कुणाला तरी आत घ्यायला लागले, की मी टीव्हीसमोर बसून बोटं मोडायची. मामा म्हणायचे, हिच्या हातात बंदूक दिली तर मढी राहतील बाजूला, आपणच आधी संपू.

मामांना मास्तर इतके जवळचे का वाटायचे, ते मला ठाऊक होतं, मी त्यांच्याच घरी राहते. मामी गेल्यावर मामांचा राग ताब्यात राहायचा नाही आणि तो निघायचा दादावर, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलावर. आधी ती एक मोठी आरोळी यायची आणि मग पट्टा. मिसरूड फुटायच्या वयात दादा घरातून गेला तो गेलाच. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, हे आम्हाला लोकांकडून कळलं. मग एका संध्याकाळी त्याचा फोन आला. तोही मालिका बघत होता. त्याने एवढंच विचारलं, "बाबा, हे नुसतं काम आहे, की खरंच असं बोलता तुम्ही आता?"

मामा म्हणाले, "या आवाजाने आता कुणाला मार बसणार नाही. शब्द देतो."

त्यानंतर फोन सुरू झाले. आधी सणकून भांडणं झाली, मग हवापाण्याच्या गप्पा, मग नातीचे बोबडे बोल. आणि यंदा दादाने विचारलं, सुट्टीत चिमणीला तुमच्याकडे ठेवू का? आधी दोन दिवस येऊन बघतो, ठीक वाटलं तर सुट्टीभर राहू दे. मामांनी मागची खोली स्वतः रंगवली. एक छोटी खुर्ची आणली, तिचे पाय डगमगतात का ते बघायला स्वतःच बसून बघितलं आणि अडकले. मी आणि शेजारणीने मिळून सोडवलं.

त्याच सुमाराला मालिकेचे शेवटचे भाग आले. मामांनी संवाद वाचले आणि जेवलेच नाहीत. शेवटून दुसऱ्या भागात मास्तर लोखंडी कांब उचलून एका जिवंत माणसाला ठार करतात, तेही हात बांधलेल्या कैद्याला, आणि वर म्हणतात, हा धडा मी आधीच शिकायला हवा होता. मामा म्हणाले, एवढा प्रसंग मी करणार नाही.

हे त्यांनी सांगितलं ते रेकॉर्डिस्टकाकांना. काका म्हणजे काचेपलीकडे बसून आवाज टिपणारे, मामांचे तरुणपणापासूनचे दोस्त. स्टुडिओत एक नियम असतो. दारावरचा लाल दिवा लागला की माइक चालू, मग खोकायचंसुद्धा नाही. दिवा विझला की माइक बंद, मग काय वाटेल ते बोला. त्या विझलेल्या दिव्याच्या भरवशावर मामांनी त्या खोलीत मालकाला शिव्या दिल्या होत्या, मामीच्या आजारपणात तिथे बसून ढसाढसा रडले होते. घरात रडायची त्यांना सोय नव्हती.

काकांनी नकार लगेच मानला. म्हणाले, एवढ्या प्रसंगाला दुसरा आवाज घेऊ. त्या दिवशी मामा खुशीत घरी आले. चहा पिता पिता मला सांगितलं, की निघताना काकांनी दिवा विझवला आणि म्हणाले, नव्या पोराला समजावता यावं म्हणून तू हे कसं केलं असतंस ते एकदा सांग तरी. आता कलावंत माणसाला असं विचारल्यावर तो नुसतं सांगतो होय? मामांनी करून दाखवलं, अगदी आरोळीपासून. "त्या पोराला नाही जमायचं ते," मामा म्हणाले आणि दुसरं बिस्कीट बुडवलं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

तो भाग लागला त्या रविवारी दादा घरी होता. सगळं इतकं छान चाललं होतं, की माझा विश्वास बसत नव्हता. चिमणी मागच्या खोलीत तिच्या खुर्चीवर बसून चित्रं काढत होती. दुपारीच दादा मला म्हणाला होता, राहू दे तिला, मी उद्या एकटाच जातो. बाहेर आम्ही तिघं टीव्हीसमोर. मामांनी आधीच सांगून ठेवलं, यात एक प्रसंग आहे, तो मी केलेला नाही.

मास्तरांनी कांब उचलली आणि मामांचा आवाज आला. तीच आरोळी. मामा माझ्या शेजारी तोंड मिटून बसले होते आणि टीव्हीतून मामा ओरडत होते. मग तो धड्याचा संवाद, तोही त्यांचाच. मामांच्या हातातला कप कलंडला आणि चहा पायजम्यावर सांडला, ते त्यांना कळलंही नाही.

मागच्या खोलीतून चिमणी धावत आली आणि दादाच्या पायाला बिलगली. "आजोबा कुणाला मारतायत?"

दादाने टीव्ही बंद केला. मामा सांगायला लागले, दिवा बंद होता, मी फक्त दाखवलं होतं. दादाने ऐकून घेतलं. त्याचा आवाज जराही चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "फसवलं असेल तुम्हाला," तो म्हणाला. "पण बाबा, ही आरोळी मी ओळखतो. ती अजून तुमच्याकडे जशीच्या तशी आहे." मग त्याने चिमणीचे कपडे पिशवीत भरले. अंधार पडायच्या आत दोघं गेले.

दुसऱ्या दिवशी मी मामांबरोबर स्टुडिओत गेले, मुद्दाम गेले. मला काकांचे दात पडलेले बघायचे होते, खोटं कशाला बोलू? काका आम्हाला बघताच उठले. म्हणाले, नव्या पोराला जमेना, आवाज बदललेला चालणार नाही असं वरून आलं. तेवढं बोलून ते थांबले आणि मग खरं बोलले. "तीस वर्षांत इतकं अस्सल काम केलं नव्हतंस रे तू. ते वाया कसं जाऊ देऊ? मार हवं तर एक थोबाडीत."

मामांचा हात वर आला. मी मनातल्या मनात म्हणत होते, मारा, एकदाच मारा, जन्मभराची कसर भरून काढा. मामांनी तो दुसऱ्या हाताने धरून खाली घेतला.

"दिवा तू स्वतः विझवलास?"

"हो."

"मग बायकोच्या आजारपणात मी इथे रडलो होतो, तेही ठेवलंयस का?"

काका समोरच्या बटणांकडे बघत राहिले. आम्ही निघून आलो.

मामा त्यानंतर कामाला गेले नाहीत. बाजारातही हल्ली मीच जाते. छोटी खुर्ची मागच्या खोलीत तशीच आहे, तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवू नकोस एवढं मात्र ते मला बजावतात.

काल फोन वाजला. दादाच्या फोनवरून चिमणी बोलत होती, त्याला न विचारता केला असणार. आजोबांना दे म्हणाली. मी फोन मामांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला, तिचं सगळं ऐकलं, बोलायला तोंड उघडलं आणि आधी मान वर करून दाराच्या चौकटीवर बघितलं. आमच्या घरात तिथे दिवा-बिवा काहीच नाही, नुसती भिंत आहे. तरी ते बघत राहिले. मग फोन माझ्याकडे देऊन खुणेने सांगितलं, आजोबा झोपलेत म्हण.