जयसिंगनं कातलेलं नाक

लेथवर असो की चहाच्या टपरीवर, जयसिंगचा एक पाय सतत हलत असतो. मराठवाड्यातून चाकणला आल्यापासून तो कंपन्यांसाठी पार्ट कातत आलाय, आणि गेलेला पार्ट परत यायची त्याला भारी धास्ती. परत आला म्हणजे रिजेक्ट. मग सुपरवायझर नाकातून सूर काढणार, "ज्जयसिंऽग, ये ढीला कैसे गया रे?"

पण शेजारच्या भाग्यश्रीनं, आकुर्डीला इंजिनिअरिंग करणाऱ्या पोरीनं, तिच्या ग्रुपच्या रॉकेटचं नायलॉनचं नाक, म्हणजे वरचं टोक, कातायला दिलं, आणि याच्या डोक्यात भुंगा शिरला. माणसाएवढं रॉकेट आभाळात जाणार, पॅराशूटनं खाली येणार. आपल्या हातची वस्तू एकदा तरी धडधाकट परत आलेली त्याला बघायची होती.

"आवं, कपाटाचं दार निखळलंय, ते बसवा की आदी," बायको, कस्तुरा, म्हणाली. "आभाळाचं मागून बघा."

रविवारी जयसिंग आणि भाग्यश्रीचा सगळा ग्रुप दौलतरावांच्या माळावर जमला. रॉकेट उडवायची परवानगी दुपारपर्यंतचीच, आणि वारा वाढत चाललेला. माळाचे मालक दौलतराव कमरेवर हात ठेवून म्हणाले, "भाल्यावानी खाली घुसलं, तर पुन्यांदा हितं पाय ठेवायचा न्हाई. शेजारी माझा कांदा हाय."

भाग्यश्रीनं शेवटची तपासणी म्हणून नाक ओढलं. निघेना. ग्रुपमधल्या दोघांनी मिळून ओढलं. तरी निघेना.

"काका, हे काय केलंत?"

"फिट केलंय!" जयसिंगची छाती फुगली. "तुमच्या ड्रॉइंगमदी लई फट हुती. लाजच वाटली मला. टाइट करून टाकलं."

"अहो, वर गेल्यावर आतला छोटा बार उडतो आणि नाक ढकलून देतो. त्याच वाटेनं पॅराशूट बाहेर येतं. नाक अडकलं की संपलं!"

जयसिंगनं रॉकेटची नळी पायात धरून नाक पिळून काढलं आणि पॉलिश पेपर घेऊन बसला. घासायचा, बसवायचा, ओढायचा.

"अजून," भाग्यश्री म्हणायची.

"अगं, हलायलंय की आता!"

"हलू दे. उचललं तर धरलं पाहिजे, झटकलं तर सुटलं पाहिजे."

हात पुढे सरत नव्हता. उभ्या आयुष्यात ढिलं करण्यासाठी त्यानं काही घासलं नव्हतं. शेवटी झटक्यासरशी नाक सुटून मातीत पडलं, तेव्हा भाग्यश्रीनं टाळी वाजवली आणि यानं मान फिरवली.

बटण दाबलं. सर्रकन आवाज झाला, धुराची रेघ उठली, आणि रॉकेट दिसेनासं झालं. जयसिंग माळावर येरझाऱ्या घालू लागला. "सुटलं का? सुटलं का गं? बोल की!"

"काका, थांबा हो!"

वर बारीकसा फटाका वाजला. नाक एकीकडे, नळी एकीकडे, आणि मधल्या दोरीला बांधलेलं भगवं कापड फुललं.

वाऱ्यानं ते थेट कांद्यावर नेलं. जयसिंग वर बघत पळत सुटला.

"बांधावरनं! आरं बांधावरनं पळ!" दौलतराव ओरडले.

जमिनीवर टेकूनही पॅराशूट फुगलेलंच. रॉकेट वाफ्यावाफ्यानं घसरत पुढे, जयसिंग मागे. शेवटी त्यानं कापडावर अंग टाकलं. नळी कोमट होती. कुठं तडा नव्हता.

दौलतराव धापा टाकत पोचले. आधी रॉकेट बघितलं, मग चेंगरलेली रोपं.

"भाल्यावानी घुसलं न्हाई म्हणून सोडतो. म्होरल्या टायमाला कांदा निघाल्याबिगर यायचं न्हाई."

"कवा निघतोय?" जयसिंग उठायच्या आधीच म्हणाला.

"आत्ता लावलाय, राव!"