मुशीला दोन तास

कॉलेजच्या पहिल्या प्रॅक्टिकलला माझ्यासमोर मुशी ठेवली, हीच त्यांची चूक. पुस्तकात ती शार्क असेल, आमच्या चेंदणी कोळीवाड्यात ती कालवणात जाते. तिच्या डोक्यातले मज्जातंतू मोकळे करून दाखवायचे होते. सूचना संपेपर्यंत माझे हात सुरूही झालेले. डोकं बाजूला, पोट साफ, कातडी सोललेली, आठ सारखे तुकडे. पाच मिनिटं लागली असतील.

"मज्जातंतू कुठायत?" झूलॉजीच्या मॅडमनी विचारलं.

"गेले मॅडम. घाणीबरोबर."

वर्ग फिदीफिदी हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या नौपाड्यातल्या, पक्क्या शाकाहारी. नाकाला रुमाल लावून त्यांनी माझे तुकडे नीट पाहिले आणि म्हणाल्या, "हात चांगला आहे तुझा. घाई तेवढी मोडायला हवी."

त्यांनी ते मनावर घेतलं. तिसऱ्या वर्षी तर त्यांनी ठरवूनच टाकलं, की मी मुंबईच्या एका संशोधन संस्थेत एम.एस्सी.ला जायचं आणि यकृताच्या आजारांवर काम करायचं. आमच्या वाड्यातून त्या वाटेला कुणी फिरकलंही नव्हतं. मॅडमना स्वतःलाच तिथे जायचं होतं, पण लग्न झालं आणि ते राहिलं. हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही कात्र्या धुताना, माझ्याकडे न बघता. मला ती जागा हवी होती. किती हवी होती ते आईलाही सांगितलं नव्हतं, कारण मिळाली नाही तर तोंड कुठे लपवायचं?

मग दर शनिवारी दुपारी तयारी. मुशी आईच्या विकायच्या टोपलीतली, गजराचं घड्याळ मॅडमच्या घरचं. नियम एकच, दोन तासांच्या आत संपवायचं नाही. चाळीस मिनिटांत उरकलं तर शिक्षा म्हणून दुसरी मुशी. कातडी बोटभर सोलायची, थांबायचं, टाचणी लावायची, पुन्हा थांबायचं. माझा जीव नुसता वर-खाली व्हायचा.

आईला हे कळलं तेव्हा तिने कोयता खाली ठेवला. "एका मुशीला दोन तास? गिराइक काय तवर उभा ऱ्हातय? तुजी मास्तरीन तुजा हात बिगरवील गो."

पण हात बदलला. वर्षअखेरीस मी इतकी सावकाश झाले, की घरी मासे साफ करायला मला कुणी बसू देईना.

संस्थेत लेखी परीक्षा झाली आणि प्रॅक्टिकलला उंदीर आला, नुकताच मेलेला. त्याचं यकृत काढून बर्फात ठेवायचं. मी अगदी मॅडमच्या शिस्तीत पहिली टाचणी लावली, थांबले, दुसरी लावली. समोरच्या शास्त्रज्ञांनी घड्याळात पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं.

"सर, हा दाखवायला कापायचाय की वापरायला?"

"वापरायला. मेल्यावर पेशी लगेच खराब व्हायला लागतात. तुम्ही अजून टाचण्याच लावताय."

एवढंच हवं होतं. दोन टाचण्या उपटल्या. पुढचं मी केलं असं म्हणणं खोटं ठरेल, ते आईच्या हातांनी केलं. यकृत अख्खं, कुठेही न फाटता बर्फात. शास्त्रज्ञांनी विचारलं, "कुठे शिकलात?"

"घरी," मी म्हटलं.

यादीत नाव आलं. पेढे घेऊन नौपाड्यात गेले, ते मॅडमना सगळं खरं सांगायचं असं ठरवून. त्यांनी दार उघडलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पेढ्याला हात लावण्याआधीच रडायला लागल्या. "बघ," त्या म्हणाल्या, "दोन तासांचं सार्थक झालं."

"हो मॅडम," मी म्हटलं. "तुमच्या सावकाशीमुळेच झालं."

आयुष्यात इतकं खोटं मी दुसऱ्यांदा बोलले नाही आणि त्याचा मला अजून पश्चात्ताप नाही. मॅडमना मात्र त्यामुळे भलताच हुरूप आला. पुढच्या वर्षी त्यांनी आमच्याच वाड्यातल्या दोन मुली तयारीला घेतल्या. शनिवारी त्या मॅडमकडे सावकाशी शिकायच्या. रविवारी सकाळी मी त्यांना आईच्या टोपलीपाशी बसवून घाई शिकवायचे. आणि यातलं मॅडमना काही कळता कामा नये, हेही.