घुंगरू

तेव्हा मी चिंचवडच्या कंपनीत कामाला होतो आणि भाडं परवडतं म्हणून कुरुळीत राहायचो. घरामागे माळ, माळावर लांडगे. पहिली शिफ्ट करून आलो की काठी घेऊन आमच्या वीतभर कुत्रीला फिरवायला न्यायचो. गुडघाभर गवतात ती दिसायची नाही, म्हणून मीच अक्कल पाजळली आणि तिच्या गळ्यात घुंगरू बांधलं. परतताना तो आवाज ऐकून बायको चहा टाकायची.

एका संध्याकाळी मी विडी पेटवायला थांबलो. घुंगरू एकदा जोरात वाजलं आणि थांबलं. काठी आपटत, शिव्या देत मी सगळा माळ तुडवला. काही सापडलं नाही.

मेंढरं घेऊन चाललेल्या म्हाताऱ्या धनगराला सांगितलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

"घुंगरू आमी करडाला बांधतो, सायेब. लांडग्याला त्यो आवाज वळखीचा हाय."

म्हणजे रोज संध्याकाळी मीच त्याला जेवायला हाका मारत होतो.

घरी आलो. चूल थंड होती.

"अगंबाई, आलात?" बायको म्हणाली. "आज घुंगरू ऐकूच आलं नाही."