बांधलेली गाठ

रीताबाई खोब्रागडे मूळच्या चंद्रपूरच्या. कुरखेड्याकडच्या या गावातल्या जिल्हा परिषद शाळेत त्यांचं हे अकरावं वर्ष. दुसरीतलं एखादं पोर गणितात अडलं, की त्यांना राग यायच्या आधी नवल वाटायचं. घरी भाजी फोडणीला टाकतानाही तेच डोक्यात घोळायचं, आणि भाजी करपली की नवरा विचारायचा, "आज कोणाचं गणित जळलं?"

यंदा चंदा अडली होती. बेरजेत ती सगळ्यांच्या पुढे. दहा सुट्ट्या काड्या जमल्या, की दोरीने आवळून दशकाचा गठ्ठा करायची. गाठ इतकी पक्की, की सोडताना बाईंची नखं दुखत. पण वजाबाकी आली आणि गाडी थांबली. बेचाळीसमधून सात द्यायचे होते. समोर चार गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या. चंदाने त्या दोन दिल्या, मग उठली, कोपऱ्यातल्या खराट्याच्या पाच काड्या मोडून आणल्या आणि बाईंच्या हातावर ठेवल्या.

"घ्या सात."

"बाई, ही खराटा संपवून राह्यली!" अश्विन ओरडला. वर्ग खो-खो हसला. चंदाने दप्तर उचललं. "मी उद्यापासून नाई येत."

आणि दुसऱ्या दिवशी खरंच आली नाही.

शाळा सुटल्यावर रीताबाई तिच्या घरी गेल्या. आई कमळा अंगणात भाजी निवडत होती.

"कमळाबाई, पोरगी बांधलेला गठ्ठा सोडत काऊन नाई?"

कमळा आधी हसली, मग ओशाळली. "माह्यीच चूक हाये, बाई. उन्हाळ्यात तेंदूचे पुडे बांधत होतो, सत्तर-सत्तर पानांचे. हिनं बांधलेला एक सोडला. पानं फाटली, तर फडीवर ठेकेदार पुडा घेते का? देल्ला एक धपाटा."

"सोडला काऊन गं?" बाईंनी दाराकडे पाहून विचारलं.

दारामागून आवाज आला, "मले पायचं होतं, सत्तर हायेत का."

परतताना रीताबाई गावातल्या म्हाताऱ्या शकुबाईच्या बांधीजवळ, म्हणजे भातशेताच्या कडेला, थांबल्या. धानाची रोवणी चालली होती. रोपांच्या पेंढ्या चिखलात पडत होत्या, आणि बाया त्या उचलल्याबरोबर सोडत होत्या. सोडल्याशिवाय रोवणार कसं? बाई बराच वेळ बघत राहिल्या.

सकाळी त्या चंदाच्या दारात उभ्या. "आज वर्ग नाई. बांधीत जायचं हाये. येतं का?"

चंदा आली. रोवायच्या उरलेल्या रोपांच्या दहा-दहाच्या पेंढ्या मुलांनी बांधल्या. चंदाकडे चार पेंढ्या आणि दोन सुटी रोपं. चिखलात वाकलेल्या शकुबाईने हात मागे केला.

"सात दे वो माय, लवकर! कंबर गेली माह्यी."

चंदाने दोन दिली. मग एका पेंढीची गाठ दातांनी ओढली आणि पाच मोजून दिली. अश्विन काही बोलणार, तोच बाईंनी डोळे वटारले.

"किती उरले गं?"

"तीन पेंढ्या अन्..." चंदाची नजर हातातल्या दोरीवर गेली. "बाई, सोडली मी."

"मग? शकुबाईनं मारलं?"

"नाई." तिने बोटांवर मोजलं. "पस्तीस."

तरी तिचं समाधान झालं नाही. बांधावर बसून तिने उरलेल्या तिन्ही पेंढ्याही सोडल्या आणि एकेक रोप मोजायला घेतलं. शकुबाई वैतागली. "आणखी दे ना वो!"

"थांब ना आजी, मोजून राह्यलो!"

पस्तीसच निघाली. चंदाने हात फ्रॉकला पुसले.

"बाई, उद्या येताना खराट्याच्या काड्या आणतो मी. पाच."