आबांच्या पंचाहत्तरीची कविता

साहेबांची गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली होती आणि माझ्याकडचं सगळं बोलून संपलं होतं. राहू गावच्या त्या मांडवात औक्षण झालं, शाली झाल्या, फेटे झाले. पंचाहत्तरी होती तुकाराम आबांची. ते स्टेजवर ताठ बसून साहेबांची वाट बघत होते. पुढच्या महिन्यात गावच्या दूध संस्थेची निवडणूक होती आणि आबांच्या पॅनलमधून कोण उभं राहणार हे साहेब, म्हणजे तालुक्याचे पुढारी, ठरवायचे. आबांना आणखी एकदा संचालक व्हायचं होतं. मी पोचले तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं, "आज माझं नाव जाहीर करत्याल बघा."

मी शिरूरची. निवेदन करते, म्हणजे सत्कार असो की साखरपुडा, माईक धरून कार्यक्रम पुढे रेटते. पाहुण्यांना उशीर झाला की मध्ये जे वाचतो त्याला आम्ही फिलर म्हणतो. पंचाहत्तरीचा फिलर ठरलेला, म्हातारपणाची कविता. तिच्यात मावळता सूर्य लागतो, पिकलं पान लागतं, थरथरते हात लागतात. एक जरी कमी पडलं तरी मुलं-सुना नाराज. मला या पानांचा आणि सूर्यांचा मनापासून वैताग आहे. पण माझी कविताही तसलीच, आणि लिहिलेलीही मीच.

आबांचा थोरला मुलगा दत्ता स्टेजजवळ आला. "मॅडम, ती कविता घ्या आता. लोकांच्या डोळ्यांत पानी आलं पायजे."

"आबांना चालेल ना?"

"त्येंना काय व्हतंय? घ्या तुम्ही."

घेतली. 'आता टेका पाठ, बाबा, खूप झालं चालणं' इथं आले, बायकांचे पदर डोळ्यांना लागले, आणि नेमके साहेब मांडवात शिरले. उभ्याउभ्या ऐकलं. मग माईक घेतला.

"मॅडम माझ्या मनातलं बोलल्या. आबांनी संस्थेसाठी लई केलं. आता त्यांना पाठ टेकू द्या. यंदा त्यांच्या जागी आपला दत्ता!"

टाळ्या. दत्ताच्या चेहऱ्यावर आश्चर्य औषधालाही नव्हतं.

आबा उठले. "मॅडम, ही कविता कुनी केली?"

"मी."

"वय काय तुमचं?"

भर मांडवात बाईला वय विचारतात का? पण विचारलं. "बेचाळीस."

"मग तुम्हाला काय ठावं? म्या आज पहाटं चार म्हशींच्या धारा काढल्या. हात थरथरला असता तर म्हशीनं लाथ घातली असती."

मांडव खो खो हसला. साहेबही हसले. नाव मात्र दत्ताचंच राहिलं. म्हातारं माणूस चिडलं की लोक कौतुकानं हसतात आणि आपलं ठरलेलंच करतात.

मला दत्ताचा राग आला, साहेबांचा आला, सगळ्यात जास्त माझ्या त्या पिकल्या पानाचा आला. जेवणाच्या पंगतीत आबांशेजारी बसले. ते म्हणाले, "कविता चांगली हाय मॅडम. म्या गेल्यावर वाचा."

दत्ता बिनविरोध निवडून आला. हल्ली मी म्हातारपणाची कविता आधी सत्कारमूर्तीला एकट्याला वाचून दाखवते, मुलांना नंतर. बहुतेक जण अर्ध्यावरच हात वर करतात आणि म्हणतात, "त्यापरीस गानी लावा."