कणगीतला लॅपटॉप

सांगण्यासारखे काही असेल तरच लिहावे, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आले. इतरांच्या निबंधांवर तांबड्या शाईच्या खुणा करण्यात माझी नोकरी सरली. स्वतः मात्र लग्नपत्रिकेच्या मजकुरापलीकडे काही लिहिले नाही. आता या वयात, तेही एका बिघडलेल्या लॅपटॉपविषयी, लिहायला बसले आहे. हे धाडस वाचकांनी पोटात घालावे. लिहिण्याची हौस म्हणून हे लिहीत नाही. एक गोष्ट ठरवायची आहे आणि ती मला एकटीला ठरवता येत नाही.

लॅपटॉप माझ्या यजमानांचा. तेही शिक्षकच होते. शाळेतली मुले चालू करून खेळत बसतात म्हणून त्यांनी त्याला अगदी उंबऱ्यावरच कुलूप घातले होते. यंत्र सुरू केले की काळ्या पडद्यावर आधी पासवर्डची चौकट येई. तो दिल्याखेरीज पुढचे काहीच दिसत नसे. तो शब्द त्यांनी मला सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. आमच्यात तसे विचारण्याची रीत नव्हती. पण रोज सकाळी मी चुलीपाशी असताना बाहेरच्या खोलीतून तो ऐकू येई: काही अक्षरे भरभर, मग श्वास घ्यावा तसा विराम, मग दोन सावकाश, आणि शेवटी एक ठसक्याचा ठोका. तो शब्द मला असा कानाने पाठ होता. अक्षरे ठाऊक नव्हती.

ते गेले ते ऐन पावसाळ्यात. आमच्याकडे सुतक फिटण्याआधीच्या रात्री दिव्याखाली तांदळाचे पीठ सारखे करून पसरतात आणि वर टोपली झाकतात. सकाळी पिठावर जे पाऊल उमटलेले दिसेल, त्या जन्माला जीव गेला असे मानतात. कधी पाखराचे दिसते, कधी वासराचे. त्या सकाळी टोपली उचलली तेव्हा पीठ जसेच्या तसे होते. रेघसुद्धा नव्हती.

माझी नणंद, त्यांची थोरली बहीण, पिठाकडे पाहत राहिली. सारे गाव तिला अक्का म्हणते. आई लवकर गेल्यामुळे त्यांना तिनेच वाढवले होते.

“गेला न्हाई त्यो,” ती म्हणाली. “हितंच हाय.”

हवेत ओल होती, पीठ दमट होऊन बसले होते, मुंगीसुद्धा चालली नसेल, असे मी तिला समजावले. समजावताना आवाज बरोबर लागला. पण दुसऱ्या दिवशी चहा टाकताना माझा हात आपोआप थांबला आणि मी बाहेरच्या खोलीकडे कान दिला.

आमच्या गुंदसारख्या रानातल्या गावात पावसाळ्याची ओल भिंतीतून कपाटात शिरते. म्हणून जे कोरडे राहायला हवे ते आम्ही भाताच्या कणगीत पुरून ठेवतो. काडेपेट्या, औषधाच्या पुड्या, मुलीची प्रमाणपत्रे, सगळे भातात. लॅपटॉपही मी त्यांच्या जुन्या धोतरात गुंडाळून तिथेच ठेवला. कणगी भरली, उपसली, पुन्हा भरली. यंदा भात तळाला गेले तेव्हा अक्काच्या हाताला ते गाठोडे लागले.

“आगं बाय, ह्यात त्याचा आवाज हाय न्हवं?”

होता. त्यांचे मूळ गाव सुपा धरणाच्या पाण्याखाली जाण्याआधी कसे होते, बाजार कुठे भरे, नदीवर उतरायची वाट कुठली, हे त्यांनी आपल्या म्हाताऱ्या काकांना बोलते करून त्या यंत्रात भरून घेतले होते. काका बोलत, हे मधून मधून प्रश्न विचारत. यांचा आवाज दुसरीकडे कुठेच उरला नव्हता.

“एकदा ऐकीव मला. मग मी त्यो हितं हाय म्हणून म्हणायची न्हाई.”

मी यंत्र वायरीला लावले. पडद्यावर सूचना आली की तारीख आणि वेळ जुळत नाही. खाली जी तारीख होती ती फार मागच्या वर्षाची. तेव्हा मुलगी शाळेत होती, यांचे केस काळे होते आणि दुखण्याचा मागमूस नव्हता. बंद करून पुन्हा चालू केले. पुन्हा तोच दिवस. कितीही वेळा केले तरी यंत्र त्याच दिवशी जागे होई आणि तोच शब्द मागे. मी मुलीचे नाव घातले, कुलदेवीचे घातले, सुपा घातले. माझे नाव सर्वांत शेवटी घातले, आणि तेही नव्हे हे कळल्यावर कुणी पाहिले तर नाही ना म्हणून मागे वळून बघितले.

रामनगरला झेरॉक्स आणि मोबाइल दुरुस्तीचे एक दुकान आहे. दुकानदार मूळचा खानापूरकडचा, पोक्त माणूस. अक्का हट्टाने बरोबर आली. त्याने यंत्र उताणे करून स्क्रू काढले, खालचे झाकण उचलले आणि मोठ्याने हसला.

“काय ओ बाई, भात पेरलं होतंसा काय ह्यात?”

आत सगळीकडे भाताची बारीक पांढुरकी धूळ बसली होती. त्याने ती उडवायला ब्लोअर उचलला.

“थांब रे!” अक्का ओरडली. “पुसू नकोस.”

ती काउंटरवर ओणवी झाली आणि चष्मा सारखा करून त्या धुळीत पाहू लागली. ती काय शोधते आहे हे मला ठाऊक होते. दुकानदाराने माझ्याकडे पाहिले, मी जमिनीकडे. सांगायला संकोच वाटतो, पण थोड्या वेळाने मीही वाकले. धूळ सपाट होती.

“काय हरवलंय काय अक्का?”

“न्हाई,” ती सरळ होत म्हणाली. “उडीव आता.”

धूळ उडाल्यावर त्याने काळ्या वेष्टणातली, दोन तारा जोडलेली, चपटी गोल बॅटरी दाखवली. मुख्य बॅटरी संपली, वीज नसली, तरी घड्याळ चालते ते हिच्यावर, असे तो म्हणाला. इतके दिवस यंत्र निपचित पडल्याने ती मेली होती. म्हणून काळ पुढे सरकत नव्हता. त्याने ती काढली, नवी बसवली आणि यंत्र सुरू केले. चौकट पुन्हा आली.

“काही मशीनमध्ये सेल काढला की पासवर्ड जातोय,” तो म्हणाला. “ह्यात जात न्हाई. निराळ्या जागी लिहून ठेवलंय.”

“हट्टी,” अक्का म्हणाली. “लहानपणापासून तसाच.”

त्याने मेमरीची पट्टी काढून खालचे दोन तांबूस ठिपके दाखवले. ते चिमट्याने क्षणभर जोडले की पासवर्ड पुसला जाईल. “मशीन तुमचंच न्हवं?” त्याने विचारले. मी मान हलवली. “मग पुसू काय?”

“पुसण्याआधी तो काय होता, हे समजेल का?”

“न्हाई ओ बाई. हे पुसतंय. वाचत न्हाई.”

त्यांनी रोज सकाळी सर्वांआधी आठवलेला तो शब्द होता. तो पुसला की जगात कुठेच राहणार नव्हता. न पुसता तसाच ठेवला, तर कधीतरी मला सुचेल, अशी एक वेडी आशा उरणार होती. बाहेर लोंढ्याकडे जाणारी बस हॉर्न वाजवत उभी होती. अक्का माझ्याकडे बघत होती. तिच्या वयाकडे पाहून मी म्हटले, “पुसा.”

आवाजही झाला नाही. यंत्र सुरू झाले आणि काहीही न विचारता थेट उघडले. आतल्या दाराला त्यांनी कुलूप घातलेच नव्हते.

“तारीख घालू आजची?”

“राहू द्या,” मी म्हटले. “घरी घालते.”

घरी आल्यावर अक्का ओसरीवर भिंतीला टेकून बसली. मी काकांचे बोलणे लावले. काका बाजारातली दुकाने एकामागून एक सांगत होते, आणि मध्येच, अगदी जवळून, यांचा आवाज आला.

“मग?”

एवढेच. काका पुढे बोलू लागले. थोड्या वेळाने पुन्हा, “मग?”

“मग काय रे,” अक्का त्या आवाजाला म्हणाली, “मग पाणी आलं.”

शेवटपर्यंत ती अशी उत्तरे देत राहिली. लहानपणी यांना पाठीवर घेऊन नदीवर जायची ते सांगितले, त्यांची एक वहाण तिथे राहिली ते सांगितले. आवाज संपल्यावर तिने पदराने तोंड पुसले आणि भात निवडायचे सूप पुढे ओढले.

“झालं. आता जाऊ दे त्याला, बाय. तू बी दार अडवून बसू नकोस.”

तेव्हापासून तिने तो विषय काढलेला नाही. तिला रात्री झोप लागते. मी मात्र रोज सकाळी चहा टाकण्याआधी लॅपटॉप उघडून तारीख पाहते. नवी बॅटरी चांगली आहे. घड्याळ आता अडत नाही. त्या जुन्या दिवसापासून ते एकेक दिवस पुढे चालले आहे. त्यात त्यांनी शाळेतल्या मुलांना नेलेली शेवटची सहल अजून व्हायची आहे, मुलीचे लग्न व्हायचे आहे, आणि ते गेले तो पावसाळाही अजून यायचा आहे. मी काही केले नाही, तर एका सकाळी तो याच पडद्यावर येऊन उभा राहील. आजची तारीख घातली, तर ती सगळी वर्षे एका बोटाने पुसली जातील, त्या शब्दासारखी.

माझ्या जागी तुम्ही असता, तर तारीख बदलली असती का?